एकट्या राजाचं हसू

"माझ्या एकट्याच्या हुकमाने होत नाही असं एक काम दाखव! दाखवलंस तर तुझा बाप सुटला. नाहीतर तूही बुरुजात!" ओथमार राजा गरजला.

बापाला सोडा म्हणून दरबारात आलेली अगाथा समोर उभी होती, पाववाल्या योस्टची लेक. युरोपातल्या त्या चिमुकल्या राज्यात लोकांनी निवडलेली एक सभा होती. राजाने लढाई पुकारली, तेव्हा सभेत उठून योस्ट एवढंच म्हणाला, "सभेला विचारल्याशिवाय लढाई नाही!" झालं! राजाने सभेला टाळं ठोकलं आणि योस्टला बुरुजात डांबलं. त्या दिवशी अगाथाने मेरीमाउलीपुढे मेणबत्ती लावून नेम धरला, की बाबांच्या हातचा मिळेपर्यंत पावाला शिवायचं नाही.

मनात माउलीचं नाव घेऊन ती म्हणाली, "काम अगदी सोपं आहे, महाराज. स्वतःला गुदगुल्या करून हसून दाखवा!"

"एवढंच?" राजाने ऐटीत काखेत बोटं खुपसली. काही नाही! बरगड्या चाचपल्या. छे! चेहरा आपला ढिम्म. दरबारी मंडळी खाली माना घालून ओठ चावू लागली.

"सोडा की हुकूम!" अगाथा म्हणाली. "हास म्हणावं!"

राजा लालबुंद झाला. "मला गुदगुल्या होतच नाहीत!"

"होतात हो! फक्त बोटं दुसऱ्याची लागतात. बाबांना बोलवा."

"राजाच्या अंगाला हात लावणं गुन्हा आहे!" प्रधान किंचाळला.

"मग महाराजांनी परवानगी द्यावी. का भीती वाटते?"

"मला? भीती? आणा त्याला!"

योस्ट आला. लेकीने कानात सांगितलं, तसा म्हातारा गालात हसला. कणीक मळून मळून तयार झालेली ती बोटं! बरगडीला लागायचा अवकाश, "अरे! अरे! पुरे!" करत राजा सिंहासनावरून घसरला. मुकुट एकीकडे, झगा दुसरीकडे, डोळ्यांतून घळघळा पाणी!

"महाराज," अगाथा हळूच म्हणाली, "एकट्याला साधं हसता येत नाही, मग लढाई हो कशी एकट्याने ठरवायची?"

राजा डोळे पुसत उठला. कमरेची किल्ली काढून त्याने योस्टच्या हातात ठेवली.

"उघड तुझी सभा! लढाईचं तिथेच ठरेल. पण तिथे बोटं आवर हं! आणि पोरी, तुला काय देऊ?"

"भट्टी गार पडलीय, महाराज. गाडीभर लाकडं द्या."

"दिली! पण पहिल्या पावातला अर्धा माझा!"

"ते सभेला विचारून सांगते, महाराज!"

आणि या वेळी राजा कुणाचंही बोट न लागता खदखदून हसला.