अखंड निरोप

"मी हिला कमी काय दिलं, अक्का?"

बसवंतने काळ्या मेंढीच्या मानेवरची लोकर बाजूला केली. कातडीखाली बोराएवढा उंचवटा होता.

बसवंत जनावरांचा डॉक्टर. अक्का त्याच्या गुरू. कॉलेजात शिकवून निवृत्त झाल्या आणि माळावरच्या या मठात राहायला आल्या. मठाच्या घोंगड्या ज्या काळ्या मेंढ्यांच्या लोकरीच्या, त्या वंशातली ही शेवटची मेंढी. ती माजावर येत नव्हती. येत्या बाजारी तिला खाटकाला द्यायचं, असं मठाच्या पंचांनी ठरवलं होतं.

"हे काय बसवलंस?"

"पंप. हिच्या मेंदूतून इवलासा निरोप निघतो. मेंदूखालची ग्रंथी तो ऐकते आणि अंडाशयाला जागवणारं संप्रेरक सोडते. हिचा निरोप दुबळा. थांबून थांबून येणारा. मी तो अखंड सुरू ठेवला."

"आणि?"

"आधी संप्रेरक उसळलं. वाटलं, जिंकलो. मग..." त्याचा आवाज उतरला. "मग काहीच नाही. होतं तेही गेलं. देणं वाढवल्यावर ग्रंथी गप्प कशी होते?"

अक्का त्याच्याकडे बघत राहिल्या.

"बसवंत."

"जी, अक्का."

"बसवंत."

"जी?"

"बसवंत. बसवंत. बसवंत..."

"अहो, इथंच आहे ना मी!" तो हसला. "वय झालं तुमचं."

अक्का थांबल्या नाहीत. तोच सूर, तेच नाव. पुन्हा, पुन्हा... बसवंतने मान फिरवली. मेंढवाड्याच्या दगडी कुंपणावर एक हात टेकला आणि दुसऱ्या हाताने तो पंप चाचपू लागला.

आवाज थांबला.

त्याने दचकून वर पाहिलं. अक्कांचं बोट त्याच्या टेकलेल्या हाताकडे होतं. हातापासून वीतभर अंतरावर, दगडावर, नांगी उचललेला काळा विंचू.

बसवंत मागच्या मागे लेंड्यांत पडला. अक्कांनी हातातली लोटी विंचवावर शांतपणे पालथी घातली.

"सांगितलं का नाहीत?" तो ओरडला.

"सांगितलं की. त्याच हाकांत. 'बसवंत, विंचू.' दोनदा."

बसवंतची नजर मेंढीच्या मानेवरच्या उंचवट्याकडे गेली.

तो उठला. मेंढीपाशी गेला. बॅग उघडली, कातडीचा टाका सोडवला आणि पंप बाहेर काढला.

"पंचांशी मी बोलते," अक्का म्हणाल्या. "हा हंगाम थांबतील ते."

"आणि हिला? हिला आता काय देऊ?"

अक्का काही बोलल्या नाहीत.

मेंढी रवंथ करत होती. बसवंत वाट बघत राहिला. मग नकळत पुढे झुकला, कान देऊन...

"हेच," अक्का म्हणाल्या. "एक हाक, आणि मग ही शांतता."