वयनीचा सडा

आमराई संपली की चढ संपतो आणि एकदम उघडा कातळ लागतो. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर या सड्यावर वाळक्या गवताचे झुबके आणि मधोमध एक भोक, बाकी फारसं काही नाही. भोक सुपाएवढं. गुरांच्या चार दाव्यांना गाठी मारून खाली सोडली तरी तळ लागत नाही. समुद्र कोसभर खाली आहे, इथून दिसत नाही. कधीकधी, भर दिवसा, या भोकातून आवाज येतो. रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकर मारावी तसा तो सुरू होतो, मग लांबत जातो, आणि लांबता लांबता कुणीतरी कुणाला तरी हाक मारतंय असं वाटायला लागतं.

ऐकायला लांबून माणसं येतात. भोकापासून वीस पावलांवर सावरीचं एक झाड आहे, त्याच्या सावलीत सुगंधाकाकू भुवड बसलेल्या असतात. येणाऱ्या प्रत्येकाच्या तळहातावर त्या सावरीच्या कापसाची चिमूट ठेवतात आणि एवढंच म्हणतात, "आधी कापूस, मग कान." कापूस भोकाच्या तोंडाशी धरायचा, हलतो की नाही ते बघायचं, मग कातळावर आडवं होऊन कान लावायचा. परत आल्यावर काकू विचारतात, "काय ऐकलंत?"

कुणी सांगतं, बाई रडते आहे. काकू त्याला परत पाठवतात. गेल्या चैत्रात पुण्याहून आलेल्या मंडळींतला एक जण हसत म्हणाला, "काकू, नुसता वारा आहे हो."

"कापूस हलला?"

"ते नाही बघितलं."

"मग परत जा. भूत म्हणणाऱ्याला मी उठवते, तुम्हाला का सोडू?"

चालतं ते एकच उत्तर. ऐकलं, कोण ते ठाऊक नाही. ते म्हटलं की काकू शेजारी जागा करून देतात, आणि सड्याला हे नाव कसं पडलं ते सांगतात.

फार मागची गोष्ट आहे. खालच्या वाडीत तेव्हा चाळीस घरं होती. त्यांतल्या एका घरात आवडाय नावाची बाई थोरली सून होती. नवरा राघो, पाठचे तीन दीर. तिला एकच मुलगी, शेवंती. सगळे तिला शेवू म्हणत. सर्वांत धाकट्या दिराची बायको भागू. तो बंदरावर कामाला असायचा, वर्षातून दोनदा घरी यायचा. भागूला तीन महिन्यांचा मुलगा होता. शेवूला जन्म दिला आवडायने, पण तिला कडेवर घेऊन रानोमाळ हिंडली ती भागूच, असं सांगतात.

त्या साली चैत्रात वाडीत ताप आला. दहा दिवसांत पाच मुलं गेली. शेवू चौथी. सात वर्षांची होती. दोन रात्री भागू तिच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत बसली होती. तिसऱ्या सकाळी घडी ठेवायला कपाळ गरम राहिलं नाही.

ताप कुठून आला ते कुणाला कळत नव्हतं, आणि न कळणं कुणाला सोसत नव्हतं. मग बोलणं सुरू झालं. पाण्यावर, शेतावर, दारात. पाच घरांतली मुलं गेली आणि भागूचं तान्हं मात्र गुटगुटीत कसं? हिचं जगलं, तिचं गेलं. दोन रात्री उशाशी ही काय करत होती? ज्या बायका काल भागूच्या हातचं पाणी प्यायल्या होत्या, त्याच आज तिची सावली चुकवू लागल्या. तीन गावं ओलांडून एक भगत आणला गेला. चैत्र वद्य अष्टमीला तो सड्यावर गेला, भोकाला कान लावला आणि उठून म्हणाला, करणी झाली आहे. शेवू आतून बोलते आहे, काकीचं नाव घेते आहे. पण आवाजाची ओळख आईनं पटवायला हवी. अमावास्येला पंच सड्यावर बसतील. आईनं कान लावावा आणि 'व्हय, माझीच' म्हणावं. तिनं ते म्हटलं की भागूला लेकरासकट वेशीबाहेर काढायचं, पुन्हा कुणी आग-पाणी द्यायचं नाही.

म्हणजे सगळं आवडायच्या एका शब्दावर आलं.

ती दुसऱ्याच दिवशी दुपारी एकटी सड्यावर गेली. तापल्या कातळावर आडवी झाली, कान लावला. आवाज आला. तो आवाज तिच्या मुलीचा असायला हवा होता, असं तिला नखशिखांत वाटलं. ती संध्याकाळपर्यंत तिथून हलली नाही. भगत खोटा आहे म्हणून ती गेली होती असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही. तो खरा असावा म्हणून गेली होती.

पण ही बाई बियाणं घेताना दाणा दाताखाली फोडून बघणारी होती. तिसऱ्या दिवशी घरातून निघताना तिनं शेवूची उशी बरोबर घेतली. शेवू आणि भागू मिळून सड्यावरच्या सावरीचा कापूस वेचत होत्या, मुलीसाठी उशी भरायची म्हणून. उशी अर्धीच भरून राहिली होती. आवडायनं त्यातली चिमूट काढून भोकाशी धरली. आवाज येत होता आणि कापूस जागचा हलत नव्हता. पुढल्या दिवशी असा वारा सुटला की कापूस हातातून उडाला, आणि भोक मुकं. भांगेच्या दिवसांत, भरती लहान नि समुद्र मलूल असताना, आवाज आला. चतुर्दशीला उधाणाची गाज आमराईपर्यंत ऐकू येत होती, त्या दिवशी आला नाही. तिनं वारा अडवायला भोकाला घोंगडी लावून बघितली. आत तोंड करून मुलीला विचारलं, तुझ्या बाहुलीचं नाव सांग. आवाज जसा होता तसाच राहिला. तिच्या बोलण्यानं थांबला नाही की वाढला नाही.

घरी राघो वाट बघत होता. त्यानं विचारलं, "पटली ओळख?"

"नाय."

"मग कोण हाय आत?"

"ठाऊक नाय."

"ठाऊक नाय म्हणून कसं जगायचं गो?" राघो म्हणाला. "पोर गेली, तिला कायतरी कारण नको? तू नुसतं व्हय म्हण."

राघो वाईट माणूस नव्हता. तो हे रडत म्हणाला होता, असं सांगतात. पण त्याच्या पलीकडे, पडवीच्या टोकाला, भागू तान्ह्याला पाजत बसली होती आणि ते ऐकत होती. त्यानं आवाजही कमी केला नव्हता.

अमावास्येला भर दुपारी सगळी वाडी सड्यावर जमली. भागूच्या डोक्यावर तिच्या चार लुगड्यांचं बोचकं आधीच देऊन ठेवलेलं होतं. निकाल लागायचा होता, बोचकं तयार होतं. भगतानं गाऱ्हाणं घातलं, कान लावला, आणि डोळे मिटून सांगू लागला, "आये, मला काकीनं घास भरवला. आये, मला सोडव."

आवडायनं विचारलं, "ती मला काय हाक मारते?"

"आये म्हणते," भगत म्हणाला. "लेकरू आईला दुसरं काय म्हणणार?"

शेवूनं तिला जन्मात आये म्हटलं नव्हतं. घरात तीन दीर. सकाळपासून वयनी भाकर दे, वयनी पाणी दे, वयनी इळा कुठाय. मुलीला बोलायला फुटलं ते वयनीच. सुरुवातीला वाडी हसली, पोरीनं सख्ख्या आईची भावजय केली म्हणून. पाण्यावरच्या बायका मुद्दाम विचारायच्या, शेवू, तुझी वयनी कुठं गो? नंतर कुणाला त्यात वेगळं वाटेनासं झालं. रोज दिवस कलताना बांधावरून ती लांबलचक हाक यायची, वयनीऽऽ, आणि चाळीस घरांना कळायचं की गुरं परतली.

भगत लांबचा होता, त्याला हे ठाऊक नव्हतं. बाकी प्रत्येकाला ठाऊक होतं.

आवडाय बोलली नाही. ती थांबली. हे तिच्या तोंडून यायची गरजच नव्हती. कुणीही सांगू शकलं असतं. तिनं पाण्यावरच्या बायकांकडे बघितलं. वाडीच्या मानकऱ्याकडे, गावकाराकडे, बघितलं. दोन दिरांकडे बघितलं, ज्यांच्या तोंडून मुलीनं तो शब्द उचलला होता. ते कातळाकडे बघत होते. शेवटी तिनं राघोकडे बघितलं. भागूच्या कडेवरचं मूल उन्हानं रडायला लागलं, तरी कुणी बोललं नाही.

इथे सुगंधाकाकूही थांबतात. त्यांच्या आधी सांगणाऱ्याही थांबायच्या म्हणे, ऐकणाऱ्याला अवघडल्यासारखं होईपर्यंत.

मग आवडाय म्हणाली, "सात वरसं ती मला काय म्हणायची ते तुमी ऐकलंत. आज एकाची जीभ उठली नाय. तापानं माझी पोर नेली, त्याच्यावर माझा राग नाय. तापाला कान नसतात. तुमाला हायत."

भगत सावरून घेऊ लागला. मेल्यावर जीव शहाणा होतो, म्हणाला, त्याची बोली पालटते.

"आईला काय म्हणायचं ते विसरतो," आवडाय म्हणाली, "आणि काकीचं गाऱ्हाणं तेवढं ध्यानात ठेवतो?"

मागे कुणीतरी हसलं. तेवढ्यानं वारं फिरलं. मघापर्यंत मुकी असलेली माणसं आता एकमेकांना सांगू लागली, खरंच की, पोर वयनीच म्हणायची. गावकारानं पागोटं नीट केलं आणि सगळं मिटवून टाकण्याच्या सुरात तो म्हणाला, "जाऊ दे. वाराच असंल मग. वाऱ्याला काय भुलायचं?"

आवडाय खरी भडकली ती तेव्हा, असं सांगतात.

"वारा व्हय? कवा बघितलात? मी पाच दिवस हितं कापूस धरून बसले. वारा नाय तवा आवाज येतो, वारा सुटला की येत नाय. करणी म्हणालात तवाही हितं कुणी आलं नाय, आता वारा म्हणताय तवाही कुणी आलं नाय. घरी बसून एक गोष्ट टाकता नि दुसरी उचलता. पयल्या गोष्टीपायी माझी जाऊ देशोधडीला लागत व्हती. मला ठाऊक नाय ते काय हाय. तेवढं म्हणायला तुमाला काय व्हतं?"

एवढं बोलून ती भागूजवळ गेली आणि तिच्या डोक्यावरचं बोचकं तिनं स्वतःच्या हातानं उतरवलं. भगत त्याच दुपारी निघून गेला. त्याच्यासाठी बांधून ठेवलेला कोंबडा पुढे वर्षभर आरवत होता म्हणे.

गाव रात्री माफी मागायला आलं. आवडायनं माफी दिली की नाही ते गोष्टीत नाही. तिनं तीन गोष्टी मागून घेतल्या. सड्यावर जो कुणी कान लावील त्यानं आधी कापूस धरायचा. त्याला काय ऐकलं ते विचारायचा मान भागूच्या घराचा. ऐकीव गोष्टीनं जिचं घर जाणार होतं, तिनंच विचारायचं. आणि सड्याला वयनीचा सडा म्हणायचं. जो शब्द त्या दुपारी एकाच्याही तोंडून निघाला नाही, तो पोरासोरांसकट सगळ्यांनी रोज उच्चारायचा. गुरं सोडताना, वाट सांगताना, शेताची हद्द दाखवताना.

आवडाय नंतरही सड्यावर जात राहिली, म्हातारी होईतो. लोक विचारायचे, पोर नाय म्हणतेस, मग जातेस कशाला? ती म्हणायची, गोड लागतं म्हणून. कधी कापूस हलायचा, कधी नाही. आवाज हसल्यासारखा आला तर तीही हसायची. ती उठली की भागू झाडाखालून रीतीप्रमाणे विचारायची, जाऊबाय, काय ऐकलंत? आणि आवडाय रीतीप्रमाणे सांगायची, ऐकलं, कोण ते ठाऊक नाय. मग दोघी खाली उतरायच्या.

शेवटच्या चैत्रात ती काठी टेकत आली. बराच वेळ कान लावून पडली होती. उठली तेव्हा चेहरा निराळाच होता. भागूनं विचारलं. आवडायनं उत्तर दिलं नाही. जावेच्या हाताला धरून ती सडा उतरली, आणि चौथ्या दिवशी गेली. त्या दिवशी भोकातून वयनी म्हणून हाक आली होती, असं काही जण सांगतात.

पुण्याच्या मंडळींत एक बाई होत्या, सकाळपासून फारसं न बोललेल्या. त्यांनी हळूच विचारलं, "आली होती का हो खरंच?"

सुगंधाकाकू भागूच्या नातवाची नातसून. हा प्रश्न त्यांना नवा नाही. त्यांनी त्या बाईंकडे बघितलं, मग भोकाकडे.

"मी तिथे नव्हते," त्या म्हणाल्या. "ज्या होत्या, त्यांनी सांगितलं नाही. ठाऊक नाही."

बाईंनी मान हलवली आणि कापसाची नवी चिमूट मागून घेतली. वारा म्हणणारा तरुण तोवर तिसऱ्यांदा कातळावर आडवा झाला होता. या वेळी त्याला कुणी पाठवलं नव्हतं.

आजही निघताना प्रत्येक जण आपली चिमूट झाडाला टांगलेल्या एका लहान उशीच्या अभ्र्यात परत टाकतो. अभ्रा दरसाल नवा शिवतात, मापानं सात वर्षांच्या मुलीच्या डोक्याला पुरेल एवढा. कापूस अर्ध्याच्या वर आला की काकू जादाचा काढून वाऱ्यावर सोडतात. उशी पुरती भरू देत नाहीत.