सज्ज्यासमोरचा मनोरा

फार पूर्वीची गोष्ट आहे. राजांची नावं लक्षात ठेवायची कुणाला गरज वाटत नव्हती, तेव्हाची. लहानांनी ती ऐकावी, आणि आपण मोठे झालो असं ज्यांना वाटतं त्यांनी तर जरूर ऐकावी.

डोंगराच्या माथ्यावर एक नगर होतं. नगरात देवळं सुंदर होती, वेशी भक्कम होत्या, पण पाणी नव्हतं. नदी पार पायथ्याशी. बायका घागरी घेऊन उतरायच्या आणि भरल्या घागरी डोक्यावर घेऊन चढायच्या. निम्मा जन्म त्या वाटेवर जायचा. पुरुष मंडळी चावडीवर बसून देवळाच्या कळसाची उंची सांगत असायची.

त्या नगरात देवळं बांधणाऱ्या एका कारागिराची मुलगी होती. दगड, चुना, ओळंबा हे सगळं ती बापाकडूनच शिकली आणि बापापेक्षा चांगलं शिकली. शिक्षण संपलं तेव्हा बापानं विचारलं, "आता काय बांधणार? देऊळ की वाडा?"

"पाणी आणणार," मुलगी म्हणाली.

"अगं, कळस बांधला की लोक मान वर करून बघतात. तुझे नळ मातीखाली जाणार. कोण बघणार ते?"

"बघायला कोण सांगतंय, बाबा? प्यायला मिळालं म्हणजे झालं."

बाप हिरमुसला. लोक हसले. ती मात्र कुदळ घेऊन निघाली.

पलीकडच्या उंच डोंगरात एक तळं होतं. तिथून नगरापर्यंत तिनं भाजलेल्या मातीचे खापरी नळ टाकले. वाट खालीवर होती. जिथं नळ चढाच्या माथ्यावर येत, तिथं त्यांच्यात वारा कोंडे आणि पाण्याची वाट अडवून बसे. म्हणून अशा प्रत्येक जागी तिनं विटांचा एक उंच, आतून पोकळ मनोरा बांधला. त्यातून वारा वर निघून जायचा आणि पाणी पुढं सरकायचं. लोक त्या मनोऱ्यांना उच्छ्वास म्हणू लागले. या कामात तिची बरीच वर्षं गेली, केस थोडे पिकले. मग एके दिवशी नगराच्या हौदात धार पडली. त्या दिवशी तिला इतका आनंद झाला की ती हौदाच्या काठावर बसून नुसती रडली. राजानं तिला नगराच्या पाण्याची मुख्य केलं आणि तिच्या हातात मानाचं कडं घातलं.

पुढं तो राजा गेला आणि त्याचा मुलगा गादीवर बसला. या नव्या राजाला हौस फार होती. वेशीबाहेर, नदीकडे उतरणाऱ्या वाटेच्या तोंडाशी त्यानं नवा महाल बांधला, महालाला सज्जा काढला, आणि पहिल्याच सकाळी सज्ज्यात येऊन बघतो तर समोर मनोरा. तोही दिवसभर सुस्कारे टाकणारा.

त्यानं तिला बोलावलं. "हा मनोरा पाड. यातून पाण्याचा थेंबही येत नाही, मग हा हवा कशाला?"

"महाराज, यातून पाणी येत नाही, वारा जातो. वारा अडला की पाणी अडतं."

"मग एक भोक ठेव आणि मनोरा काढून टाक."

"नुसतं भोक ठेवलं तर वाऱ्याबरोबर पाणीही इथंच सांडून जाईल. उंची लागतेच."

"माझ्या राज्यातला वारा माझा हुकूम ऐकेल."

"तो कुणाचंच ऐकत नाही, महाराज. म्हणून तर मनोरा बांधावा लागला."

दरबारात कुणीतरी खोकलं. राजाचे कान लाल झाले, पण त्यानं सूर बदलला. "हे बघ, तुझ्यासारख्या कारागिरानं मातीत राबावं हे मलाच बरं वाटत नाही. मी विजयस्तंभ बांधणार आहे. तो तू बांध. वर तुझं नाव कोरू. फक्त हा मनोरा जाऊ दे."

"नाव कोरलेला स्तंभ कुणाची तहान भागवत नाही," ती म्हणाली. "मनोरा मी पाडणार नाही."

राजानं तिथल्या तिथं तिला पदावरून काढलं. तिनं कडं उतरवून त्याच्यासमोर ठेवलं आणि नमस्कार करून निघून गेली. त्याच दिवशी शिपायांनी मनोरा पाडला, नळाच्या तोंडावर शिळा बसवली आणि विटा कुठंतरी दूर नेऊन टाकल्या.

हौदातली धार बारीक होत गेली आणि एका सकाळी थांबली. बायकांनी पुन्हा घागरी उचलल्या आणि नदीची वाट धरली. ज्यांनी ही वाट कधी पाहिलीच नव्हती अशा कोवळ्या पोरीही त्यांच्यामागून निघाल्या.

तिचे जुने गवंडी म्हणाले, "बाई, आपण गप्प बसू. राजाला कळू दे चूक. येईल स्वतःच तुमच्या दारी."

"महालात पाणी भरायला नोकरांची रांग आहे," ती म्हणाली. "त्याला तहान लागायची नाही. गप्प बसलो तर जिरायची ती आपलीच. मी बांधायला चालले."

आणि ती गेली. भर उजेडात, सज्ज्यासमोर, पाडलेल्या जागी तिनं चुना कालवायला घेतला. राजानं वरून पाहिलं आणि तो खो खो हसला. "विटा कुठून आणणार? बांधू दे काय बांधायचंय ते." त्यानं पहाऱ्याला हुकूम दिला की विटांची एकही गाडी वेशीबाहेर सोडायची नाही, आणि तो शिकारीला निघून गेला.

हुकूम गाड्यांचा होता, घागरींचा नव्हता.

नदीवर जाणारी वाट मनोऱ्याच्या जागेवरूनच जात होती. रोज सकाळी नगरातल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन वेशीबाहेर पडायच्या, आणि त्या घागरी काही अगदी रिकाम्या नसायच्या. प्रत्येकीच्या घागरीत विटा. कुणी चुलीच्या काढल्या, कुणी तुळशीच्या कट्ट्याच्या. त्या विटा तिथं ठेवायच्या आणि नदीकडे चालू लागायचं. पहारेकऱ्यांच्या घरचं पाणीही हौदातूनच येत होतं, त्यामुळे घागरीत डोकवायचं कुणाच्या मनात आलं नाही.

तिनं आधी शिळा काढून नळाच्या तोंडाला लाकडी बूच मारलं, बुचाला दोर बांधला आणि भोवती मनोरा चढवत नेला.

राजा शिकारीहून परतला तेव्हा ती शिडीवर उभी होती आणि शेवटचा थर चालू होता. तो घोड्यावरून उतरला तोच ओरडत. "कुणाच्या हुकमानं? तुझं पद मी कधीच काढून घेतलंय!"

"पद गादीनं दिलं होतं, गादीनं नेलं," ती वरूनच म्हणाली. "काम गादीनं दिलं नव्हतं, महाराज."

"हात तोडीन तुझे."

"तोडा. पण आधी ही वीट बसू द्या. चुना वाळतोय."

तिनं वीट बसवली, थापीनं ठोकली आणि दोर ओढून खालचं बूच काढलं. मनोऱ्यातून एक लांब सुस्कारा निघाला. वाटेवर पन्नासेक बायका घागरी घेऊन थांबल्या होत्या. शिपायांनी राजाकडे पाहिलं. राजानं विचारलं, "विटा कुणी आणल्या?"

एक म्हातारी पुढं आली. "महाराज, मनोरा पुन्हा पाडायचा तर पाडा. पाडला की पाणी थांबणार, पाणी थांबलं की आम्ही याच वाटेनं नदीला येणार, आणि येताना हात हलवत येणार नाही. तुम्हाला सज्ज्यातून एक मनोरा बघायचाय की रोज सकाळी आम्ही सगळ्या, ते तुमचं तुम्ही ठरवा."

राजानं एकदा त्या घागरींकडे पाहिलं. मग तो आत गेला. तेवढ्यात नगराकडून एक पोरगी धावत आली, हौदात धार पडली म्हणून सांगत. बायका घागरी वळवून माघारी फिरल्या.

दुसऱ्या दिवशी महालात गवंडी बोलावले गेले. मनोरा पाडायला नव्हे, सज्जा बुजवायला. राजानं नवा सज्जा दुसऱ्या बाजूला काढून घेतला, आणि पदासकट मानाचं कडं तिच्या घरी पाठवून दिलं. तिनं ते ठेवून घेतलं, कारण नगराच्या खालच्या आळीला अजून पाणी पोचायचं होतं आणि त्याला खापरी नळ बरेच लागणार होते.

तात्पर्य : पद देणारा ते काढूनही घेऊ शकतो, पण मनापासून निवडलेलं काम कुणालाही काढून घेता येत नाही.