दोन घटका मागे

त्या राज्यात वेळ एकच होती, पण ती सांगणाऱ्या वाट्या अनेक होत्या. प्रत्येक वेशीवर पाण्याच्या घंगाळात भोक पाडलेली तांब्याची वाटी सोडलेली असे. ती बुडाली की एक घटका भरली. वाट्याच त्या! कुठे शेवाळ साचे, कुठे भोक रुंदावे. म्हणून दिवसातून एकदा डोंगरावर नगारा होई; त्याला हाक म्हणत. जितके ठोके, तितकी खरी घटका. वेशीवरचा लेखनिक ते मोजून वहीत लिही, "जुळली."

पूर्व वेशीवर हे काम वेणाक्काकडे होतं. कोण बाहेर गेलं, कोण आत आलं, हेही तीच लिही. एकदा सात दिवस नगारा झालाच नाही. तिने सातही दिवस सुबक अक्षरात "हाक नाही" असं लिहिलं आणि वही मिटली. लिहिलं की काम झालं, असं मानणाऱ्यांची त्या राज्यात वाण नव्हती.

आठव्या दिवशी तिचा धाकटा भाऊ केरोबा सरपणाला निघाला. तिने लिहिलं, "आठवी घटका. केरोबा बाहेर." तेवढ्यात नगारा झाला. ठोके सहाच! वाटी पुढे धावली होती. तिने रिवाजाप्रमाणे "दोन घटका मागे" अशी ओळ घातली आणि सहापासून मोजायला घेतलं. थोड्या वेळाने केरोबा मोळी घेऊन परतला. "सातवी घटका. केरोबा आत."

संध्याकाळी वेशीवरची वही उतरवून घेणारे राजधानीचे नकलकार महिपतराव आले. ते नोंदी घटकेच्या क्रमाने लावत आणि माणसाचं नाव नसलेली ओळ गाळत. सातवीला आत, आठवीला बाहेर. म्हणजे वेस मिटली तेव्हा केरोबा बाहेर होता. बाहेर राहिलेला जगत नाही, हे तिथलं शेंबडं पोरही सांगे.

केरोबा तेव्हा आपल्याच ओसरीवर बसला होता. बातमी आली, बायकोने त्याच्याकडे पाहिलं आणि ती किंचाळली. त्या दिवसापासून त्याच्यापुढे ताट आलं नाही. त्याचा आवाज ऐकला की शेजारी दारं लावून घेत.

तो वेशीवर आला. "अक्का, तू तरी सांग ना गं. तुझ्याच हातानं लिहिलंयस."

ती महिपतरावांकडे गेली. "तेवढी गाळलेली ओळ घाला हो."

"घालतो की. पण मग वाटी कधीपासून चुकत होती, तेही लिहावं लागेल. सात दिवस हाक नव्हती, तेव्हा तुम्ही काय केलंत?"

वेळ चुकवणाऱ्या लेखनिकाला वेशीबाहेर घालवत. भावासाठी जीव तुटत होता, स्वतःची लाज वाटत होती, तरी ओळीचा आग्रह सोडून ती परतली.

त्या बातमीनंतर दहाव्या दिवशी तळ्याकाठी केरोबाचा पिंड मांडला. कावळे झाडावर बसून राहिले, एकही खाली येईना. "जीव कशात तरी अडकलाय," लोक कुजबुजले. तेव्हा चिंचा-बोरांवर दिवस काढलेला केरोबा त्यांच्यामधून चालत आला, खाली बसला आणि दोन्ही हातांनी तो भात खाऊ लागला.

गर्दीने सुटकेचा निःश्वास टाकला.

"शिवला," महिपतराव म्हणाले आणि त्यांनी वही पुढे केली.

केरोबा हातात घास धरून बहिणीकडे बघत होता. वेणाक्काने त्याला हात जोडले आणि लिहिलं, "पिंडाला कावळा शिवला."