बेशुद्धीचं सोंग

"...पण माणूस सोंग करतोय हे तुला कळतं कसं?" बाबांनी विचारलं.

"कळतं," डॉक्टर खैरमोडे म्हणाले. "नऊ वर्षं रुग्णवाहिकेवर काढलीत. मला फसवणं सोपं नाही."

फकीरबाबा चिंचेखाली घोंगडीवर बसले होते. खिंडीतला त्यांचा तकिया म्हणजे एक कबर, एक चूल आणि ही चिंच. तहसीलदारालाही ते अरेतुरे करीत. वाडीत खोटी साक्ष न देणारा माणूस हा एकच, असं लोक म्हणत. म्हणून तर डॉक्टर भर दुपारी कागद घेऊन वर चढले होते. ड्रायव्हर खाली गाडीतच थांबला होता, कारण फोन केव्हाही येतो.

कागद साधा होता. वाडीतल्या एका नंबरावरून वारंवार खोटे फोन येतात, तरी तिथे यापुढे गाडी पाठवू नये. खाली दोन स्थानिक साक्षीदारांच्या सह्या लागत. एक झाली होती, दुसरी बाबांची हवी होती.

बाबांनी कागद हातात घेतला नाही. घर कुणाचं, एवढंच विचारलं.

डॉक्टरांनी सांगितलं. उज्ज्वला नावाची सून, वय पंचविशीचं. दोन महिन्यांत सहा फोन. दर वेळी ती स्वतःच फोन लावते, 'गाडी पाठवा' म्हणते आणि ठेवून देते. घाट चढून गाडी पोचते तेव्हा बाई जमिनीवर बेशुद्ध. नाडी ठीक, रक्तदाब ठीक, साखर ठीक. नवरा उंबऱ्यात उभा. म्हणतो, नाटकं आहेत साहेब, न्यायची नाही. नेण्यास नकार असल्याचं लिहून देतो आणि गाडी रिकामी परत.

सांगता सांगता डॉक्टरांचा आवाज चढला. खोट्या फोनांनी ते पिचून गेले होते. कुणाला तालुक्याला लग्नाला जायचं असतं, म्हणून छातीत कळ येते. कुणी पिऊन पडतो. कुणी गाडी खरंच येते का हे बघायला फोन लावतो. आणि पोचायला उशीर झाला की शिव्या खायच्या त्या यांनी. गेल्या वर्षी गाडीची काचही फुटली होती. अशा नोकरीत माणूस हसणाऱ्यावर संशय घेतो, रडणाऱ्यावर तर घेतोच.

पण खरं दुखणं निराळं होतं.

"पाचव्या खेपेला मी तिच्याच घरात होतो," ते म्हणाले. "तेवढ्यात खालच्या गावाचा फोन आला. साप चावला होता. आम्ही पोचलो तेव्हा..."

डॉक्टरांनी हातातल्या कागदाची घडी घातली.

"एकोणीस वर्षांची मुलगी होती, बाबा."

डॉक्टरांची दया यावी असाच तो क्षण होता, आणि मला ती येते. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, त्यात नवल नाही. पण म्हणून कागदावर लिहिलेलं खरं होत नाही.

"पहिली सही कुणाची?" बाबांनी विचारलं.

"नवऱ्याची."

"मागावी लागली?"

"छे. स्वतःचं पेन काढून केली."

"हं..."

त्या एका अक्षरात डॉक्टरांना संशय ऐकू आला, आणि तो आपल्यावरच आहे असं त्यांना वाटलं. तुम्ही त्या बाईची बाजू घेताय, असं ते जरा तोडूनच बोलले. बाबा म्हणाले, मी कुणाचीच घेतली नाही, मी विचारतोय, कळतं कसं.

मग डॉक्टरांनी आपली विद्या सांगितली. बेशुद्ध माणसाचा हात उचलायचा, त्याच्याच चेहऱ्यावर धरायचा आणि सोडून द्यायचा. माणूस खरा बेशुद्ध असेल तर हात सरळ तोंडावर आपटतो. सोंग असेल तर तो बाजूला घसरतो, कारण स्वतःच्या नाकावर कुणी मारून घेत नाही. उज्ज्वलाचा हात सहाही वेळा बाजूला पडला होता.

बाबा घोंगडीवर आडवे झाले आणि त्यांनी डोळे मिटले.

"माझी परीक्षा घे."

डॉक्टरांना वेळ नव्हता. तरी ते गुडघ्यावर बसले, बाबांचा हात धरून उचलला, चेहऱ्यावर आणला, नजर रोखली आणि सोडला. हात अलगद कानाशेजारी पडला.

"सोंग," डॉक्टर म्हणाले. त्यांना हसूही आलं.

"बरोबर." बाबा उठून बसले. तो हात त्यांनी कफनीच्या बाहीत ओढून घेतला. "आता सांग, या हाताला काय झालंय?"

"कुठल्या?"

"आत्ता धरला होतास त्या."

डॉक्टरांनी आठवून पाहिलं. हात कसा पडला ते नेमकं आठवत होतं. हात आठवत नव्हता.

"काही झालेलं नाही," ते म्हणाले. "तुम्ही मला अडकवताय."

बाबांनी बाही मागे सारली. मनगटाच्या आतल्या बाजूला, डॉक्टरांची बोटं होती तिथून जरा वर, भाजलेलं होतं. कातडी लाल, मधोमध फुगलेला फोड. काल चहाचं भांडं लागलं, असं बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी सवयीने मलम काढायला बॅग उघडली, आणि तसेच थांबले. नऊ वर्षांचा अनुभवी माणूस भाजलेला हात हातात घेऊन बसला होता आणि सोंग पकडल्याच्या आनंदात हसला होता. त्यांना शरम वाटली. शरमेमागून भीती आली. त्या घरात रक्तदाबाचा पट्टा त्यांनी दर वेळी बाहीवरूनच बांधला होता. बाईला एकही प्रश्न विचारला नव्हता. उत्तरं सगळी उंबऱ्यातून आली होती.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. ड्रायव्हर रस्त्यात उभा राहून हात हलवत होता.

"डॉक्टर, चला. तोच नंबर आहे."

डॉक्टर उठले. कागदाचे चार तुकडे करून त्यांनी ते बॅगेत कोंबले आणि चार पावलं उतरून ते मागे वळले.

"बाबा... तिच्या हातावर काय आहे?"

"मला काय ठाऊक?" बाबा म्हणाले. "मी तिचा हात कधी धरलेला नाही."