सावरघळची मुकी कथा

सावरघळच्या या ग्रंथालयात काय नाही ते विचारा! ताडपत्रं आहेत, संस्थानचे नकाशे आहेत, गंजिफा, नाणी, जुनी पंचांगं, गाण्यांच्या तबकड्या, सगळं आहे. पण दसऱ्याला तिन्हीसांजेला इथे ओसरीवर समई लावतात, चित्रांचं एक जाडजूड पुस्तक मांडतात आणि पानं उलटतात. बघायला अख्खं गाव लोटतं, पण बोलत कुणी नाही. या प्रकाराला इथे मुकी कथा म्हणतात.

त्याचं असं झालं म्हणे. संस्थानच्या काळात धाकू रणशिंगे नावाचा चित्रकथी गावात राहायचा. डोंगरावरची माळकाई देवी होण्याआधी कोण होती, तिच्यावर काय गुदरलं, ही कथा फक्त त्याच्या घराण्याकडे होती. कागदावर काढलेली सुटी चित्रं एकेक करून गुडघ्यावर धरायची आणि कथा गायची. वर्षातून एकदा, दसऱ्याला, देवळासमोर. दाखवलेलं चित्र पुन्हा समोर आणायचं नाही, नाहीतर कथा मोडते आणि देवी पाठ फिरवते, असा त्यांचा दंडक. मुलानंही ती तिथेच, बापाच्या शेजारी बसून शिकायची.

एका पावसाळ्यात धाकूच्या घराला वाळवी लागली. जीव खालीवर झाला बिचाऱ्याचा. तो चित्रांचं गाठोडं डोक्यावर घेऊन ग्रंथपाल नीळकंठपंतांकडे आला. पंत भला माणूस, खोटं कशाला बोला! "दसऱ्याला येऊन घेऊन जा. तोवर डोळ्यांत तेल घालून जपतो," म्हणाले.

आणि जपलंच की! सुटे कागद हरवतील म्हणून पंतांनी ते सरसानं चिकटवून पक्के शिवून घेतले. वर उत्तम चामड्याची जिल्द चढवली. चित्रांचा क्रम कुणाला ठाऊक? बांधणाऱ्यानं लहानमोठ्या आकाराप्रमाणे लावून टाकली.

दसऱ्याला धाकू अंघोळ करून, नारळ घेऊन आला. पंतांनी मोठ्या हौसेनं पुस्तक पुढे केलं. धाकूनं चामड्याला हात लावला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. मग पानं उलटली. आधी शेवट, मग मध्य, मग कुठलं तरी भलतंच. देवळासमोर माणसं खोळंबली होती. आता चित्रं सुटी करावीत तर फाटणार, पानं मागेपुढे करावीत तर कथा मोडणार.

"ह्या काय केल्यात, पंतांनू?" तो म्हणाला. "मिया तुमका जपूक दिललंय, शिवूक नाय."

त्या वर्षी कथा झाली नाही. पुढेही कधीच नाही. निदान क्रम तरी सांग, लिहून ठेवतो, म्हणून पंत त्याच्या दारी खेटे घालत राहिले. धाकू त्यांना पाट द्यायचा, पाणी द्यायचा, पण कथेचं नाव काढलं की उठून आत जायचा. मुलगा भिकाजी वाट बघून बघून गाव सोडून गेला. धाकू वारल्यावर पंतांनी दसऱ्याची ही चाल सुरू केली, असं सांगतात. कपाळकरंट्याचं प्रायश्चित्त, दुसरं काय!

आजही पानं उलटतात. एका पानावर नदीकाठी बसलेली एक बाई आहे, पदर तोंडावर घेतलेली. दरवर्षी कुणीतरी नवखं माणूस न राहवून विचारतंच, "ही का रडतेय हो?" लाखभर पुस्तकांच्या या इमारतीत त्याचं उत्तर कुणापाशी नाही.