राजकन्येचं ‘आई गं’

एका राज्यात तालमीला देवळाइतका मान होता. राजा धवलसेन स्वतः वस्ताद, आणि त्याची एकुलती लेक मृगावती अशी पट्टेबाज, की तिनं दांडपट्टा उचलला की भल्याभल्यांची बोबडी वळे! आखाड्यात राजाचा नियम एकच: कितीही लागो, ‘आई गं’ म्हणायचं नाही. लेकीनं तो निमूट पाळला.

एकदा कर्कट नावाचा जादूगार तिच्याशी खेळला आणि सपशेल हरला. जाताना त्यानं विचारलं, “लागलं का कुठं?” ती नुसती हसली. झालं! त्याचा तिळपापड झाला. “गिळलेलं प्रत्येक दुखणं तुझ्या अंगात दगड होवो,” असा शाप देऊन तो गुप्त झाला.

आधी खांदा दगडाचा झाला, मग पाठ. दगड गळ्याकडे सरकू लागला. गळा गाठला की पोर हातची जाणार. राजाच्या तोंडचं पाणी पळालं.

तेव्हा खिडकीतली साळुंकी बोलली, “महाराज, नागविहिरीचं तेल आणा. बोलक्या निर्गुडीचा पाला आणा. मग ज्या हातांनी तिला घडवलंत, त्याच हातांनी तिला रगडा.”

राजानं नागापुढे मुकुट उतरवला, नागानं तेल दिलं. निर्गुडीनं विचारलं, “पाला कशाला?”

“लेकीला शेकायला.”

“मग ने रे बापड्या,” म्हणत तिनं फांदी वाकवली.

राजा बाह्या सरसावून बसला. प्रधान कुजबुजला, “राजानं मालीश करायची?”

“बाप करतोय. तुम्ही पाला तापवा!”

राजानं तेल चोळलं, शेक दिला, अंगठ्यानं गाठी चाचपल्या. दगड काही हलेना.

“दुखतं का, बाळ?”

“नाही, आबासाहेब.”

दगड गळ्याशी आला. राजानं होतं नव्हतं ते बळ लावलं, आणि त्याच्याच मनगटात कळ गेली.

“आई गं!” राजा ओरडला.

मृगावती बघतच राहिली. “तुम्हालाही दुखतं?”

“रोज दुखतं गं, पोरी.”

“मग मलाही... आई गं! आबासाहेब, फार दुखतंय हो!”

ती हमसून रडली, आणि राजाच्या बोटांखालचा दगड लोण्यासारखा मऊ होत गेला. शाप सुटला. राजानं तिला पोटाशी धरलं.

त्या राज्यात आजही सराव झाला की सगळे एकमेकांना तेल लावून रगडतात. राजाचं मनगट मात्र मृगावती दुसऱ्या कुणाला देत नाही. गाठीवर अंगठा ठेवते आणि थांबते.

“म्हणा, आबासाहेब.”

“आई गं,” राजा म्हणतो. मगच ती दाबते.